अध्यक्ष महाशय, मी ब्लँक झालेय!

सोमवार सकाळ. कॉन्फरन्स रूममध्ये एसी नको इतका गार. प्रोजेक्टरवर कुणाचं तरी एक्सेल. बॉस टेबलाभोवती एक नजर फिरवतो आणि विचारतो, 'एनी थॉट्स?'

...शांतता!

खरं तर तुमच्याकडे थॉट असतो. चांगला असतो. शनिवारपासून डोक्यात घोळत असतो. पण इंग्रजीत बोलू की मराठीत, आधी 'ॲक्च्युअली' म्हणू की 'आय थिंक', सगळे आपल्याकडे बघतील त्याचं काय, एवढा हिशेब होईस्तोवर पलीकडचा कुणीतरी नेमका तोच मुद्दा मांडतो आणि बॉस 'गुड पॉइंट' म्हणून पुढच्या स्लाइडवर. मग पाच मिनिटांनी कॉफी मशिनपाशी तुम्ही जे काही बोलता... अहाहा! मुद्देसूद, मिश्कील, आत्मविश्वासपूर्ण. फक्त ऐकायला असतो एकटा तुमचा मित्र, आणि त्यालाही साखरेचं पाकीट हवं असतं.

हसू नका. ही माझीच गोष्ट आहे. आणि माझ्या बाबतीत ती जरा जास्तच लाजिरवाणी आहे, कारण माझ्याकडे चक्क या विषयाची मार्कशीट आहे! मुंबई विद्यापीठाच्या बीएमएमला (आता त्याचं नाव बदलून बीएएमएमसी झालंय) पहिल्याच वर्षी आम्हाला 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन स्किल्स' नावाचा पेपर होता. लाडाचं नाव ईसीएस. बरे मार्क होते हो मला त्यात. तरीही एक वाक्य बोलायला मला पुढे तब्बल दोन वर्षं लागली. ते कुठलं वाक्य, ते शेवटी सांगते. आधी अध्यक्ष महाशयांकडे वळू.

माझ्या बालमित्रांनो...

तुम्ही मराठी शाळेत गेला असाल तर हे तुम्हाला झोपेतही म्हणता येईल. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो, आज मी तुम्हाला चार शब्द सांगणार आहे, ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती.' एका दमात. श्वास घ्यायचा तो थेट 'विनंती'नंतर.

माझे वडील, आमचे अण्णा, सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्यामुळे आमच्या घरात भाषणांचा कारखानाच होता. १ ऑगस्टला टिळक, १५ ऑगस्टला स्वातंत्र्य, ३ जानेवारीला सावित्रीबाई, २६ जानेवारीला संविधान. अण्णा फुलस्केप कागदावर निळ्या शाईने भाषण लिहायचे. आवाज कुठे चढवायचा तिथे लाल रेघ, हात कुठे उचलायचा तिथे फुली. मी ते पाठ करायचे, आईसमोर म्हणायचे आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेतून स्टीलचा डबा नाहीतर कंपास पेटी घेऊन यायचे. आमच्या घरातले पोह्यांचे डबे अजून तेच आहेत.

अण्णांना स्वतःला व्याख्यानांचं भारी वेड. डी.एड. करत असताना ते फलटणच्या मुधोजी महाविद्यालयाच्या प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांना ऐकायला सायकल मारत जायचे. 'हातात कागद नाही गं, आणि तास कसा गेला कळायचं नाही,' हे वाक्य मी लहानपणापासून किमान शंभर वेळा ऐकलंय. मजा बघा, कागद न घेता बोलणाऱ्याचे हे भक्त, आणि मुलीला मात्र पूर्णविरामासकट कागद लिहून द्यायचे!

त्यात त्यांचं एकट्याचं काही चुकलं असं नाही. आपल्याकडे 'भाषण' म्हटलं की डोळ्यांसमोर व्यासपीठच येतं. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, म्हणजे दीडशे वर्षं आपण समोर खुर्च्या मांडून जाणत्या माणसांना ऐकतोय. फार छान परंपरा आहे. पण तिचा एक साइड इफेक्ट झाला. बोलणं म्हणजे माइक, तांब्याभांडं, शाल-श्रीफळ असं आपल्या डोक्यात बसलं. समोरच्या चार माणसांना आपलं म्हणणं नीट सांगणं, हेही बोलणंच आहे आणि ते शिकावं लागतं, हे कुणी सांगितलंच नाही.

दोन मिनिटं, स्वतःबद्दल

२०१५. मुंबई. मराठी माध्यमातलं बीएमएम. ईसीएसचं पहिलं लेक्चर. मॅडम वर्गात आल्या, टेबलावर मोबाइलचा टायमर लावला आणि म्हणाल्या, 'एकेकाने पुढे यायचं. दोन मिनिटं. स्वतःबद्दल बोला.'

मी मनातल्या मनात खूश! आम्ही म्हणजे तालुका चॅम्पियन. माझा नंबर आला. मी ऐटीत पुढे गेले, पाय जुळवले, हात मागे बांधले आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, 'अध्यक्ष महाशय...'

वर्ग फुटला. मागच्या बाकावरून 'बालमित्रांनोऽऽ' असा आवाज आला. आणि मग माझं जे झालं त्याला आमच्या भाषेत 'ब्लँक' म्हणतात. स्वतःबद्दल बोलायचं होतं हो! टिळकांबद्दल नाही, स्वतःबद्दल! नाव, गाव आणि 'मला वाचनाची आवड आहे' एवढं बोलून मी थांबले. टायमरवर २२ सेकंद झाली होती. उरलेली एक मिनिट ३८ सेकंद मॅडमनी मला तिथंच उभं राहू दिलं. तेव्हा मला त्या जगातल्या सगळ्यात दुष्ट बाई वाटल्या.

लेक्चर संपल्यावर त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता सांत्वन. तर त्या म्हणाल्या, 'तुझा आवाज चांगला आहे. उच्चार स्वच्छ आहेत. पण तू कधी बोललेलीच नाहीस. तू फक्त म्हणून दाखवलंयस.'

झोंबलं! पण रात्री हॉस्टेलवर पडल्या पडल्या विचार केला तेव्हा पटलं. पाठ केलेलं भाषण म्हणजे आगगाडीचे डबे. एका शब्दाला दुसरा शब्द जोडलेला. मधली एक कडी निसटली की मागचे सगळे डबे जागच्या जागी उभे, कारण आपल्याला अर्थ आठवत नसतो, फक्त 'पुढे काय येतं' तेवढं आठवत असतं. अर्थ डोक्यात असला तर एक शब्द गेला तरी दुसरा मिळतो. कॉफी मशिनपाशी आपण अडत नाही ते म्हणूनच.

ताई, दहाला दोन!

पुढच्या आठवड्यात मॅडमनी आम्हाला जी असाइनमेंट दिली ती ऐकून वर्ग चाट पडला. 'लोकलमधल्या विक्रेत्यांचं बोलणं ऐकून या. मुलींनी लेडीज डबा, मुलांनी जनरल. काय विकतात ते नको, कसं बोलतात ते लिहून आणा.'

तुम्ही कधी नीट ऐकलंय? दादरला फास्ट लोकलमध्ये कानातली विकणारी एक मावशी चढली. एका हातात पत्र्याची चौकट, त्यावर झुमके. वांद्रे येईपर्यंत तिच्याकडे जेमतेम काही मिनिटं. ऐकायला कुणीच बसलेलं नाही. निम्म्या बायका झोपेत, निम्म्या फोनवर. तरी ती पहिल्या वाक्यात किंमत सांगते. दुसऱ्या वाक्यात नवीन काय आलंय ते. तिसऱ्यांदा बोलतच नाही, चौकट थेट एका मुलीच्या डोळ्यांसमोर धरते आणि गप्प राहते. ती मुलगी हात पुढे करते. एकीने घेतलं की शेजारची मान वळवते. संपलं! 'आज मी तुम्हाला झुमक्यांविषयी चार शब्द सांगणार आहे' असं म्हणायला तिला वेळच नाही.

मी हे वर्गात सांगितलं. कागद न घेता. सांगताना एकदा मी त्या मावशीसारखी वही पुढे धरली आणि गप्प राहिले, तेव्हा वर्ग हसला. पण या वेळचं हसणं वेगळं होतं. खाली बसले तेव्हा टायमर तीन मिनिटांच्या पुढे गेला होता आणि मला पत्ताच नव्हता!

मॅडमची शिदोरी

त्या वर्षभरात मॅडमनी जे शिकवलं आणि पुढे नोकरीत जे कामी आलं, ते थोडक्यात देतेय. कात्रण काढून डेस्कवर लावायला हरकत नाही.

एक. *कागदावर वाक्यं नकोत, शब्द हवेत.* व्हिजिटिंग कार्डाएवढी चिठ्ठी घ्यायची, त्यावर फक्त तीन शब्द लिहायचे. तीन शब्दांत मावत नसेल तर आपल्यालाच अजून मुद्दा कळलेला नाही, असं समजायचं.

दोन. *पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य मात्र पक्कं ठरवायचं.* छातीत सगळ्यात जास्त धडधड पहिल्या मिनिटाला होते. तेव्हा डोकं चालत नाही, पाठ असलेलं वाक्य चालतं. आणि शेवटचं ठरलेलं नसलं की आपण 'सो... येस... दॅट्स इट' म्हणत उतरतो.

तीन. *गप्प बसायला शिकायचं.* विराम घेतला की बोलणाऱ्याला तो युगासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला बरा वाटतो. 'ॲक्च्युअली', 'बेसिकली', 'म्हणजे', 'अं...' ही सगळी विरामाची भीती आहे. मॅडमनी आम्हाला फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून हे शब्द मोजायला लावले होते. माझे 'बेसिकली' तीन मिनिटांत अकरा! ऐकवलं नाही ते मला.

चार. *आधी ऐकायचं.* जोडीतल्या एकाने दोन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं, आणि पहिल्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. सोपं वाटतंय? आज घरी करून बघा. विशेषतः लग्न झालेल्यांनी.

पाच. *भीती जात नाही, ती दिसत मात्र नाही.* हे मला फार उशिरा कळलं. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये भाषणाच्या भीतीवर प्रयोग केले. बोलणाऱ्यांना आपली घबराट जितकी उघड दिसतेय असं वाटत होतं, तितकी ती समोरच्यांना दिसत नव्हती. आणि गंमत म्हणजे, ही गोष्ट ज्यांना आधीच सांगितली गेली, ते जास्त चांगलं बोलले! हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४चा अभ्यासही असाच आहे. भाषणाआधी 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी एक्सायटेड आहे' म्हणणाऱ्यांचं भाषण ऐकणाऱ्यांना जास्त पटलं. धडधड दोन्हीकडे तीच. शांत होणं अवघड, धडधडीचं नाव बदलणं सोपं.

फक्त सात टक्के?

नोकरी लागल्यावर ऑफिसने आम्हाला एका दिवसाच्या वर्कशॉपला बसवलं. ट्रेनर सूटबूटमध्ये. दुसऱ्याच स्लाइडवर मोठा गोल. 'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के! ३८ टक्के आवाज, ५५ टक्के देहबोली!' तुम्हीही हा गोल कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये पाहिलाच असणार.

मला प्रश्न पडला, मग उरलेल्या ९३ टक्क्यांत मी माझी सुट्टी मंजूर करून दाखवू का? शोधाशोध केली. हे आकडे आले अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७च्या प्रयोगांमधून. आणि त्या प्रयोगांत भाषणं नव्हतीच! एखाद्याचे शब्द एक सांगतायत आणि सूर किंवा चेहरा दुसरंच सांगतोय, अशा वेळी त्याच्या मनातली आवड-नावड आपण कशावरून ओळखतो, एवढाच तो विषय होता. म्हणजे 'मी चिडले नाहीये' असं दात-ओठ खाऊन म्हटलं तर तुम्ही माझ्या दातांवर विश्वास ठेवाल, इतकंच! आपले आकडे प्रत्येक प्रकारच्या बोलण्याला लावू नका, हे मेहराबियन यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. तेव्हा उभं कसं राहायचं ते शिका, जरूर शिका. पण आधी बोलायला काहीतरी असू द्या.

ज्यांच्या कॉलेजात अशा मॅडम नव्हत्या, त्यांनी काय करायचं? मला नोकरीत असताना उपयोग झाला तो टोस्टमास्टर्सचा. राल्फ स्मेडली नावाच्या गृहस्थांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना इथे पहिला क्लब सुरू केला, आणि आता मुंबई-पुण्यातही त्यांचे बरेच क्लब आहेत. पाहुणे म्हणून जाऊन नुसतं बघता येतं. मी २०१९ मध्ये तशीच गेले. तिथे एक जण वेळ मोजतो आणि हिरवा, पिवळा, लाल असे इशारे दाखवतो. पहिलं भाषण, ज्याला 'आइस ब्रेकर' म्हणतात, ते चार ते सहा मिनिटांचं, तेही स्वतःबद्दल! चार मिनिटांना हिरवा, पाचला पिवळा, सहाला लाल. आणखी एक जण फक्त तुमचे 'अं' आणि 'आह' मोजायला बसलेला. आयत्या वेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात. आणि प्रत्येक भाषणानंतर कुणीतरी उठून सांगतं की यात काय चांगलं होतं आणि काय सुधारता येईल. बाकी कुठे आपल्याला इतकं लक्ष देऊन ऐकतात, सांगा बघू?

माझ्या आइस ब्रेकरला लाल इशारा आला तरी मी बोलतच होते. २२ सेकंदांपासून मोठाच प्रवास म्हणायचा!

आणि तरीही...

आता ते वाक्य.

२०२२ मध्ये मी चॅनेलमधली नोकरी सोडली आणि फ्रीलान्सिंग सुरू केलं. हे मी अण्णांना कसं सांगितलं, माहितीये? व्हॉट्सॲपवर. चार ओळींचा मेसेज. शेवटी हात जोडल्याची इमोजी. ज्या माणसाने मला बोलायला उभं केलं, त्याच्यासमोर बसून मला बोलता आलं नाही. त्यांनी निळी टिक दिली आणि काहीच लिहिलं नाही. आयुष्यभर एकच नोकरी केलेल्या माणसाला 'फ्रीलान्स' म्हणजे काय वाटलं असेल, हे मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यानंतर जवळपास दोन वर्षं आमचं सगळं बोलणं आईमार्फत. 'अण्णा विचारतायत, दिवाळीला कधी येतेस?' 'अण्णांना सांग, शुक्रवारी.' मी घरी गेले की आम्ही हवामानावर, एसटीच्या वेळापत्रकावर आणि क्रिकेटवर बोलायचो. इफेक्टिव्ह कम्युनिकेशन!

२०२४च्या मे महिन्यात अण्णा रिटायर झाले. (त्यांच्या पिढीतल्या असंख्य गुरुजींप्रमाणे शाळेच्या दाखल्यावर त्यांचीही जन्मतारीख १ जून. म्हणजे शेवटचा दिवस ३१ मे.) गावात सेवापूर्ती समारंभ ठरला. मी दोन दिवस आधी पोचले. रात्री जेवताना अण्णा ताटाकडे बघत म्हणाले, 'तुला मनोगत बोलायला सांगणारेत. लिहून देऊ का चार ओळी?'

दोन वर्षांत त्यांनी मला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न होता, ज्यात पाऊस नव्हता.

'नको अण्णा. बोलते मी.'

शाळेच्या पटांगणात मांडव, तीनेकशे माणसं, केंद्रप्रमुख, सरपंच, फेटे, शाली. आधीच्या सहा भाषणांमध्ये सहाही वक्त्यांनी 'वेळेचं भान ठेवून' असं म्हणत वेळ खाल्लेला. मागून मसालेभाताचा वास. माझ्या हातात चिठ्ठी आणि तिच्यावर तीन शब्द. ओठ. चार ओळी. नोकरी.

पहिलं वाक्य ठरवून ठेवलं होतं, ते बोलले. 'मी आठवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत भाषण विसरले होते, आणि तरी मला दुसरा नंबर मिळाला.' मांडव शांत झाला. मग सांगितलं की मी अडले तेव्हा शेवटच्या रांगेत अण्णा उठून उभे राहिले होते आणि नुसते ओठ हलवत होते. मी त्यांचे ओठ वाचत वाचत भाषण पूर्ण केलं. ते बक्षीस खरं कुणाचं, हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसरं सांगितलं ते चार ओळींचं. अण्णांच्या वर्गात २६ जानेवारीला प्रत्येक मूल बोलायचं. हुशार मुलांना पानभर भाषण, आणि ज्याला वाचायलाही जड जायचं त्याला चारच ओळी. पण चार ओळी असायच्याच. कुणाचंही नाव वगळलेलं मी पाहिलं नाही. समोर बसलेल्या बाप्यांपैकी काही जण मान हलवत होते. त्यांनी म्हटल्या असतील त्या चार ओळी.

मग चिठ्ठीवरचा तिसरा शब्द. मी अण्णांकडे पाहिलं. फेटा जरा मोठा झाला होता, भुवयांपर्यंत आलेला. आणि मला एकदम जाणवलं, की हा शब्द या माइकवर बोलायचा नाहीये. टाळ्या मिळाल्या असत्या. कदाचित बायकांनी डोळेही टिपले असते. पण ते तीनशे माणसांना सांगायचं नव्हतंच. मी चिठ्ठी घडी करून मुठीत ठेवली, शेवटचं ठरलेलं वाक्य बोलले आणि खाली आले.

मॅडमनी आम्हाला कुठे थांबायचं ते शिकवलं होतं. पण काय कुणासमोर बोलायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सत्काराला उत्तर द्यायला अण्णा उठले. खिशातून फुलस्केप काढला, निळी शाई, लाल रेघा. 'अध्यक्ष महाशय...' म्हणाले आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग कागद परत खिशात ठेवत म्हणाले, 'दुसऱ्यांसाठी लिहायची सवय. स्वतःचं काय बोलायचं ते येत नाही बघा. जेवण तयार आहे.' आणि बसले. त्या दिवशीचं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात चांगलं भाषण!

रात्री पाहुणे पांगल्यावर अण्णा ओट्यावर एकटेच बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. चिठ्ठी नव्हती, टायमर नव्हता, हिरवा-पिवळा इशारा नव्हता. आणि पाय? पहिल्या लेक्चरला लटपटत होते तस्सेच!

'अण्णा, नोकरी सोडायच्या आधी तुमच्याशी बोलायला हवं होतं. मला तुमची भीती वाटली.'

बास. एवढंच वाक्य. दोन वर्षं अडकलेलं.

अण्णा खूप वेळ काही बोलले नाहीत. मीही विराम भरून काढायला गेले नाही. मग त्यांनी विचारलं, 'पैसे वेळेवर देतात का गं ते लोक?' मी म्हटलं, 'नाही देत.' 'मग मागायला शीक. नीट बोलून मागायचं.' आणि मग आम्ही पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल बोललो. म्हणजे मी बोलले. त्यांनी ऐकलं, आणि मध्येच म्हणाले, 'म्हणजे तुला असं म्हणायचंय, की...' आणि माझंच म्हणणं मला परत सांगितलं. अगदी बरोबर. या माणसाने ईसीएसचा पेपर कधीच दिला नव्हता!

तर मंडळी, येत्या सोमवारी बॉसने 'एनी थॉट्स?' विचारलं की खिशातली चिठ्ठी काढा आणि बोला. नक्की बोला. पण त्याआधी रविवार आहे. आणि तुमच्याही घरी कुणीतरी असेलच, ज्याच्याशी तुम्ही सध्या फक्त हवामानावर बोलताय.

हां, एक राहिलंच. आम्ही उठलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दारात चप्पल काढता काढता अण्णा म्हणाले, 'भाषण चांगलं झालं तुझं. पण "बेसिकली" दोनदा म्हणालीस. मी मोजलं.'